बस म्हणजे पुरे

नाना,

तुमची बातमी पेपरात आली. आतल्या पानावर, केळीच्या भावाच्या खाली, चार ओळी. तुमच्या नावाच्या आधी त्यांनी ‘आजीवन बंदी घातलेले मुष्टियुद्ध प्रशिक्षक’ असं छापलंय. माणूस गेला, पण त्याची बंदी काही गेली नाही. तुम्ही वाचली असती तर म्हणाला असता, ‘आजीवन लिखेल शे ना, मंग आते सुटनू मी,’ आणि हसता हसता खोकला असता.

मला हसू आलं नाही. मी पेपरच्या कचेरीत फोन केला आणि ते पहिलं विशेषण काढून बातमी परत छापा म्हणालो. तिकडचा माणूस भला होता. म्हणाला, ‘भाऊ, तुमचं दुःख समजतं, पण त्यात चूक काय आहे? बंदी तर होतीच ना?’ होती. फोन ठेवला आणि मग हे लिहायला घेतलं.

लिहायला मला वेळ लागतो, ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी डोक्यातलं रक्त काढलं तेव्हापासून ज्या शब्दाला बोलवावं तो येत नाही, त्याचा शेजारी येतो. चमचा म्हणायला जावं तर तोंडातून चावी येते. बायको आता दोन्ही आणून समोर ठेवते. तेव्हा यात एखादा शब्द चुकीच्या जागी बसला असेल तर सांभाळून घ्या. तसंही आपल्या दोघांचं जे काही वाटोळं झालं, ते एका शब्दावरूनच झालं.

तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाही. मी पहूरचा, म्हणून ‘पहूर’. आयटीआय करायला धुळ्यात आलो, देवपुरात खोली घेतली आणि खोलीपासून जवळ म्हणून तालमीमागच्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो. फौजेत ठोसे शिकून आलेला, शाळेत पोरांना कवायत शिकवणारा आणि उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांची हाडं मोजणारा माणूस, एवढीच तेव्हा तुमची ओळख होती. आमच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, मार खायला धुळ्याला कशाला जायला पाहिजे, तो तर घरीही मिळतो.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. मी मारतोय, मारतोय, पोटऱ्या भरून आल्या, आणि तुम्ही लांबून ओरडलात, ‘बस.’ मी दोरी ठेवली आणि मुकाट्याने फरशीवर मांडी घातली. सगळी शेड हसली. आमच्याकडे जामनेर तालुक्यात बस म्हणजे खाली बस. आई ताट वाढते आणि म्हणते, ‘जेवाले बस.’ मी बसलो, माझं काय चुकलं? तुम्ही जवळ आलात, माझ्या डोक्यावर टपली मारलीत आणि म्हणालात, ‘अरे येड्या, बस म्हंजे पुरे. बठाले मी बठ म्हनस.’

पुढे रिंगमध्ये हाच आपला कायदा झाला. समोरच्याचा ठोसा येताना दिसला की तुम्ही कोपऱ्यातून ‘बठ’ ओरडायचात आणि मी गुडघ्यात वाकून त्याच्या हाताखालून निघायचो. राऊंड संपून मी स्टुलाकडे आलो तरी ‘बठ’. आणि सराव थांबवायचा असला की ‘बस’. मला सवय लागायला बरेच दिवस गेले. दमलेला असलो की कान पहूरचे व्हायचे, ‘बस’ ऐकलं की गुडघे आपोआप वाकायचे, आणि तुम्ही कपाळाला हात लावायचात. त्या वेळी ती सगळ्यांना गंमत वाटायची. मलाही वाटायची.

मी व्यावसायिक झालो तेव्हा तुम्ही खूश नव्हता. हौशी खेळात मेडल मिळतं, इथे पट्टा मिळतो, एवढंच मला दिसत होतं. तुम्ही म्हणायचात की देशात जितकी फेडरेशनं तितके चॅम्पियन, आणि प्रत्येक फेडरेशनचं म्हणणं एकच, बाकीची बोगस आहेत. पट्टेही किती, तर मुख्य, हंगामी, रौप्य, विभागीय. ‘लगीनमा टॉवेल-टोपी वाटतस तसं शे हाई,’ तुम्ही म्हणायचात. ‘जो दारशी उभा ऱ्हायना, त्याना डोकावर टोपी.’ तरी माझ्याबरोबर आलात, लायसन्सचा फोटो काढायला इस्त्रीचा शर्ट घालून बसलात.

जळगावची लढत आठवते? तेवढी मला आठवते, ती डोक्याला लागलं त्याच्या आधीची आहे. मैदानात मांडव, पहूरहून दोन जीपभर माणसं आलेली. दुसऱ्या राऊंडला मी त्याला पाडलं. तो उठला, पण पाडलं हे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं. शेवटी निकाल त्याच्या बाजूने. एका पंचाने तर तो पडला तो राऊंडसुद्धा त्यालाच दिला होता. तुम्ही सुपरवायझरकडे गेलात. साहेब लोकांशी, डॉक्टरांशी, बाहेरच्या कुणाशीही तुम्ही शुद्ध मराठी बोलायचात, अगदी पुस्तकातल्यासारखी. ‘साहेब, जो खाली पडला तो पुढे आणि जो उभा होता तो मागे, हे कसं?’ सुपरवायझर म्हणाले, ‘पंच आपापल्या खुर्चीवरून जे दिसतं ते लिहितात.’ तुम्ही मान डोलावलीत. एसटीत मात्र पारोळा आल्यावर एकदम म्हणालात, ‘खुर्चीवर बठीसन तेच दिखस जे खुर्चीले पाहिजे.’

मला त्या दिवशी तुमचा राग आला होता. भांडायला हवं होतं, टेबल उलटवायला हवं होतं असं वाटत होतं. आता वाटतं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की ही माणसं कुणाचं ऐकत नाहीत. ती सरळ दुष्ट असती तर बरं झालं असतं. त्यांनी गोड बोलून प्रत्येक वेळी नियमच दाखवला, आणि जिथे नियम आड आला तिथे तोच उचलून बाजूला ठेवला.

कारण पुढे तेच झालं. एका लढतीत मी आडवा झालो. रेफरीने मोजलं, मला ऐकूही आलं नाही. अशा माणसाने काही महिने रिंगमध्ये उतरायचं नाही असा फेडरेशनचाच नियम. तेवढ्यात त्यांच्या चॅम्पियनसमोर उभा राहणारा पोरगा जायबंदी झाला. हॉल ठरलेला, तिकिटं गेलेली. आणि मी, जो नुकताच बेशुद्ध पडलो होतो, एकही लढत न लढता त्यांच्या यादीत वर सरकलो, कारण चॅम्पियनसमोर वरच्या नंबरचाच माणूस लागतो. विश्रांतीतून मला खास सूट मिळाली. त्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, नाव विचारलं, आजचा वार विचारला. मी बरोबर सांगितला. फिट.

तुम्ही धुळ्याहून जळगावला आलात. मी तेव्हा मेहरूणला राहायला आलो होतो, सकाळी तलावाला फेऱ्या मारायचो. तुम्ही काठावर उभे होता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत तुमच्या बायकोने, अक्कांनी, दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. त्या दिल्या नाहीत, आधी भांडलात.

‘डोकं म्हंजे भरीतनं वांगं नही रे पहूर. भाजं, ठेचं, आनि परत भाजं.’

‘नाना, अशी संधी परत येते का?’

‘डोकं येस का परत?’

‘त्यांनी परवानगी दिली आहे. त्यांचे डॉक्टर आहेत.’

‘परवानगी देनारा तुनासंगे रिंगमा येस का?’

मी काहीतरी उलट बोललो आणि पळायला लागलो. फेरी मारून आलो तेव्हा तुम्ही गेला होता, भाकऱ्या बाकावर होत्या. नंतर आठवडाभर तुमचा फोन नाही. मग स्वतःच आलात, हाताला गुंडाळायच्या पट्ट्या घेऊन, आणि म्हणालात की जायचंच असेल तर तुमच्याशिवाय जायचं नाही. लोक म्हणतात पोराने हट्ट केला. केला. भरात आलेला प्रत्येक लढणारा हट्ट करतो. त्याला नाही म्हणायचं काम ज्यांचं होतं त्यांनी हो म्हटलं, आणि ज्या एका माणसाने नाही म्हटलं त्याच्यावर पुढे बंदी आली. हे मी माझ्या मुलीला समजावून सांगू शकलेलो नाही.

लढत पुण्याला होती. त्या दिवसाचं मला काहीही आठवत नाही, सकाळचा नाश्तासुद्धा नाही. जे सांगतो ते तुमच्याकडून ऐकलेलं आणि व्हिडिओत पाहिलेलं. सकाळी नियम सांगायची बैठक झाली. त्यात त्यांनी जाहीर केलं की कोपऱ्यातून फेकलेला टॉवेल धरला जाणार नाही; मागच्या एका कार्यक्रमात लढत लवकर संपली म्हणून लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या. तुम्ही विचारलंत, ‘मग आम्ही थांबवायचं कसं?’ ते म्हणाले, ‘रेफरी बघतील. फारच वाटलं तर सुपरवायझरला तोंडी सांगा.’

तोंडी. माझा जीव त्यांनी तुमच्या तोंडावर सोपवला, आणि हॉलमध्ये स्पीकर लावले एवढे एवढे.

व्हिडिओ मी एकदाच पाहिला, तुम्ही किती वेळा पाहिला ते अक्कांना माहीत. मी दोरांना लागलेलो आहे. हात वर आहेत पण त्यांत काही नाही. तुम्ही रिंगच्या कडेला तळहात आपटताय, तोंड सुपरवायझरकडे, मग रेफरीकडे, मग माझ्याकडे. ओठ वाचता येतात, बस, बस, बस. टॉवेलही टाकलात, न राहवून. रेफरीने तो पायाने बाहेर सारला. आणि मग माझे गुडघे वाकतात. पडताना वाकतात तसे नव्हे, शेडमध्ये शिकवलेत तसे, व्यवस्थित. मी खाली जातो आणि खालून वर येणारा चॅम्पियनचा ठोसा मला तिथेच भेटतो.

पुढचं मला आठवतं ते छताचा पंखा आणि तुमचं दाढी वाढलेलं तोंड. डावा हात माझा नव्हताच जणू.

चौकशी झाली. त्यांनी माईकवर आलेला आवाज ऐकला. म्हणे कोच पहिल्या राऊंडपासून एकच शब्द ओरडतोय. त्या गोंगाटात तुमचं बठ आणि तुमचं बस त्यांना एकच ऐकू आलं. कुणीतरी मराठी जाणणाऱ्या गृहस्थांनी अर्थ सांगितला की मराठीत बस म्हणजे खाली बसा, म्हणजे इथे खाली वाका. झालं. कोपऱ्याने लढत थांबवायची विनंती केलीच नाही, उलट लढत राहायच्या सूचना दिल्या. निष्काळजी कोपरा, प्रशिक्षकावर आजीवन बंदी. माझी सूट, ती बॅटरीवाली तपासणी, धरला न जाणारा टॉवेल, हे सगळं नियमाप्रमाणे. नाना, त्या खोलीतले सगळे हिंदीत बोलत होते. बस म्हणजे पुरे, हे हिंदी बोलणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना नेमकी तेवढ्या एका शब्दापुरती मराठी आली.

आणि ज्या पट्ट्यासाठी हे झालं तो पट्टाही आता नाही. चॅम्पियनने दुसऱ्या फेडरेशनकडे एक लढत घेतली म्हणून त्याच्याकडून काढून घेतला, काही दिवस रिकामा ठेवला, आणि मग तो वजनगटच बंद केला. मी ज्यासाठी हात घालवला ते आता कुणाच्याही कमरेला नाही.

तुम्ही अपील केलंत ते अक्कांच्या हट्टाने. सुनावणी मोबाईलवर, तुमच्या देवपूरच्या घरात, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो, मी सांगतो की मला ऐकू आलं, नाना पुरे म्हणत होते. तुम्ही चहा पीत होता. कप खाली ठेवलात. ‘आठवस का तुले?’ नाही म्हणालो. ‘मंग नही आठवत म्हन. त्यासनी खोटं सांगं म्हनीसन आपन बी सांगानं का?’

त्यांनी विचारलं, ‘तुम्ही काय ऐकलंत?’ मी म्हणालो, आठवत नाही. फोनमधल्या चौकोनांत तीन माणसं, त्यांतल्या एकाने लगेच खाली मान घालून काहीतरी लिहिलं. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, चांगलं केलं अशी. अपील तिथेच मेलं.

संध्याकाळी आपण पांझरेच्या पुलावर गेलो. तुम्ही कठड्याला टेकून उभे राहिलात आणि विचारलंत, ‘तुले खरंच काही ऐकू उनं नही?’

‘मले आठवत नाही, नाना.’

‘मंग ते गुडघा...’

मग खाली पाण्याकडे बघत यंदा पाणी कमी आहे म्हणालात. मी हो म्हणालो.

पण मला कळलं होतं, नाना. फेडरेशनने तुम्हाला दोषी धरलं त्याचं तुम्हाला काही नव्हतं, त्यांना तुम्ही चुलीत घातलं होतं. तुम्हाला वेगळंच खात होतं. डोक्यावर मार बसत असताना माणसाला कुठली बोली ऐकू येते? तुमची, का आईची? तुम्ही पुरे म्हणालात आणि दमलेल्या पहूरने शेडमधल्या पहिल्या दिवसासारखं खाली बस ऐकलं, गुडघे वाकवले, आणि बरोबर त्या ठोशावर गेला. असं तुम्हाला वाटत होतं. म्हणजे त्या समितीने मनात येईल ते लिहिलं आणि तुमच्या मनातलं लिहून ठेवलं. म्हणून चौकशीत तुम्ही आवाज चढवला नाहीत. लोक म्हणाले नाना भित्रा निघाला.

मी म्हणू शकलो असतो की मला काहीही ऐकू आलं नाही, गोंगाट होता, गुडघे आपोआप वाकले. तुम्हाला झोप लागली असती. पण ते फेडरेशनलाही हवंच होतं. लढणाऱ्यालाच ऐकू आलं नाही तर सुपरवायझरला कुठून येणार. आणि ऐकलं म्हणालो असतो तर बंदी कदाचित उठली असती आणि तो ठोसा कायमचा तुमच्या शब्दावर जाऊन बसला असता. तुम्ही मला दोन्ही खोट्यांपासून वाचवलंत, स्वतःला कशापासूनच वाचवलं नाहीत. मला तुमचा याचा राग येतो. अजूनही येतो.

बंदीनंतर शेड दुसऱ्याने घेतली. तुम्ही तिथून जाताना रस्ता बदलून जायचात. पण दर रविवारी एसटीने जळगावला यायचात, माझ्या डाव्या हाताला शिकवायला. दवाखान्यातली बाई रबरी चेंडू दाबायला द्यायची, त्याने माझं डोकं फिरायचं. तुम्ही पिशवीतून जुन्या पट्ट्या काढल्यात आणि म्हणालात, गुंडाळ. उजव्याने डावा, डाव्याने उजवा. अंगठ्यात अडकव, मनगटाला वेढे, बोटांमधून फिरव. हे हाताला पाठ होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. वर्ष गेलं असेल, पण एक दिवस डाव्याने उजवा हात पूर्ण बांधला, आणि तुम्ही तो नीट तपासलात, जणू मला आता रिंगमध्येच उतरायचं आहे. त्यानंतर आपण शेवभाजी खायला गेलो. तुम्ही म्हणालात, आते वजनकाटानं भ्याव नही, खाय. आज शर्टाची बटणं मी लावतो ती तुमच्यामुळे, आणि हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता.

त्या रविवारांमध्ये माझ्या हळूहळू लक्षात आलं की तुम्ही ओरडणं सोडलं आहे. ज्या माणसाचा आवाज पांझरेच्या पलीकडे जायचा, तो रस्ता ओलांडताना मला थांब म्हणायचा नाही, दंड धरायचा. आणि बस हा शब्द तर तुम्ही टाकूनच दिलात. बायको चहा ओतायला लागली की कपावर तळहात आडवा धरायचात. ताटात भाजी पुरे झाली तरी तसंच. तिने एकदा विचारलं, नाना बोलत का नाहीत. मी म्हणालो, म्हातारे झाले.

मग फुप्फुसं. दवाखान्यात न्यायला तुम्ही उशीर केलात, त्यावर अक्का आता रोज भांडतात, भिंतीवरच्या तुमच्या फोटोशी. मी आलो तेव्हा तोंडावर मास्क होता. तुम्ही मला बघून हात वर केलात आणि बोटं उघडून मिटलीत. मी डाव्या हाताची बोटं उघडून मिटून दाखवली. तेवढं आपलं शेवटचं बोलणं, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अक्कांना आणि मला बाहेर घेतलं. म्हणाले घशात नळी घालावी लागेल, मशीनवर ठेवावं लागेल. मग बोलता येणार नाही. ती परत निघेल याची खात्री नाही, आणि नाही घातली तर फार तर आजचा दिवस. सही लागेल. आम्ही आत आलो. तुम्ही मास्क हाताने बाजूला सारत होता. नर्सने हात धरला, तरी सारलात, आणि बोललात.

‘बस.’

थांबून, दम गोळा करून, परत. ‘बस... बस.’

ती नर्स आमच्या जामनेरकडची, बोलण्यावरून कळत होतं. चांगली मुलगी. ती लगेच वाकून म्हणाली, ‘बसायचंय का बाबा? थांबा हां,’ आणि खाटेचा दांडा फिरवायला लागली. डोक्याकडची बाजू वर यायला लागली.

मी म्हणालो, ‘सिस्टर, राहू द्या. बसायचं नाही त्यांना. बसायचं असतं तर बठ म्हणाले असते. पुरे म्हणताहेत ते.’

तिला काही समजलं नाही, पण ती थांबली. खाट अर्धी वर तशीच राहिली, आणि तुम्ही डोळे मिटलेत. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातात सहीचा कागद होता. ‘तूच सांग भो,’ त्या म्हणाल्या. ‘तुले त्यासनं बोलनं समजस.’

मी डॉक्टरांना नळी नको म्हणून सांगितलं.

त्या क्षणी मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुण्यात एवढी सगळी माणसं बसली होती, त्यांच्यातल्या एकानेही तुमचा शब्द ऐकला नाही. मी ऐकला. तुमचा टॉवेल एकदा पायाने बाहेर सारला गेला, या वेळी तो मी हातात झेलला, असं वाटलं. दुपारी तुम्ही गेलात. अक्का रडल्या नाहीत, त्यांनी तुमच्या मिशा सारख्या केल्या.

तुम्हाला पोचवून घरी आलो. बायकोने चहा ओतला आणि मी, काही न ठरवता, कपावर तळहात आडवा धरला. मग हात तिथेच राहिला.

नाना, पुरे म्हणायला तुम्ही हात आडवा धरायचात. किती वर्षं तसंच. तो शब्द तुम्ही टाकला होता. मग त्या सकाळी का उच्चारलात? आणि डॉक्टर-नर्ससमोर तुम्ही शुद्ध बोलायचात, बठ कधी म्हणाला नसता, बसवा म्हणाला असता, आणि दम लागलेल्या माणसाचं ते ‘वा’ मास्कमध्येच राहतं. झोपून श्वास कोंडतो, म्हणून म्हातारी माणसं उठवून बसवायला सांगतात, हे मला नंतर त्याच नर्सने सांगितलं, मी विचारलं म्हणून. तुम्ही डोळे मिटलेत ते सुटलो म्हणून, का हाही ऐकत नाही म्हणून?

पुरेच म्हणाला होता तुम्ही. मी दिवसातून कितीदा तरी हे स्वतःला सांगतो. अक्कांनाही सांगतो, त्या मान हलवतात.

पुलावर तुम्ही मला विचारलंत, ऐकू आलं का, तेव्हा मला काहीच आठवत नव्हतं. आता तुमचा तो शब्द मला आवाजासकट आठवतो, मधल्या दमासकट. फक्त काय म्हणालात, ते विचारायला तुम्ही नाही आहात.